वार सुटली नाही

माझ्या पोटावर दोन व्रण आहेत. एक आडवा, ओटीपोटाच्या अगदी खाली. माझी पहिली दोन मुलं त्यातूनच बाहेर आली. दुसरा उभा, बेंबीच्या कडेने वर गेलेला. तो तिसरीचा. आंघोळ करताना अजून माझा हात त्या उभ्या व्रणाशी थांबतो. दुखत नाही. आजूबाजूची थोडी जागा बधिर आहे, एवढंच.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका आतल्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. नवरा जयगडला बंदरावर क्रेन चालवतो. माहेर पोफळीचं. वडील वीजघरात नोकरीला होते, त्यामुळे मी तिथल्या वसाहतीतच वाढले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी पोफळीला गेले आणि आईने चिपळूणच्या एका दवाखान्यात नाव घातलं.

पहाटेपासून कळा सुरू होत्या. दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग डॉक्टरांनी दोनतीनदा बाळाचे ठोके ऐकले आणि आईला बाहेर बोलावून सांगितलं, "ठोके उतरताहेत. आता वाट बघता येणार नाही." अर्ध्या तासात मुलगी झाली. नाळेचा वेढा होता. त्या दिवशी सिझर झालं नसतं तर माझी मुलगी आज नसती, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून कुणी सिझरला सरसकट नावं ठेवू लागलं की मी गप्प बसत नाही. मला जे सांगायचंय ते त्यानंतरचं आहे.

दुसऱ्या वेळी आम्ही रत्नागिरीतल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या, समोरच्याचं पुरतं ऐकून घेणाऱ्या. त्यांनी जुने कागद वाचले आणि म्हणाल्या, "गेल्या वेळी सिझरला कारण होतं. ते या वेळी असेलच असं नाही. तुमची तयारी असेल तर आपण कळांची वाट बघू. नीट लक्ष ठेवू, गरज पडली तर सिझर आहेच."

मी लगेच नको म्हटलं. त्या दुपारची भीती अजून अंगात होती. आणि खरं सांगायचं तर ठरलेल्या तारखेचं सिझर मला सोयीचंही वाटत होतं. नवऱ्याला रजा आधी सांगून घ्यावी लागते, घरात भातकापणी तोंडावर आलेली, माझ्या वर्गावर दुसऱ्या बाईंना बोलवायचं होतं. एक तारीख ठरली की सगळंच बसत होतं. त्यात एका नातेवाइकांनी पंचांग बघून चांगला दिवस काढून दिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणखी आठवडाभर थांबलात तर बाळाला बरं." आम्ही म्हटलं, आठवड्याने काय होणार आहे?

मुलगा झाला. पण पहिल्या मुलीसारखा खणखणीत रडला नाही. कण्हल्यासारखा आवाज करत होता आणि छाती भरभर खालीवर होत होती. मी अजून ऑपरेशनच्या टेबलावरच होते. माझ्या उशाशी उभ्या असलेल्या सिस्टरनी सांगितलं, "श्वास जोरात चाललाय, काचेच्या पेटीत ठेवताहेत." मुलं बंद करायचं ऑपरेशन त्याच वेळी उरकायचं आधी ठरलं होतं. पण तो कण्हण्याचा आवाज कानात असताना मला त्याचा विचार करवेना. मी म्हटलं, "आत्ता नको. आधी हा बरा होऊ दे." डॉक्टरबाईंनी पुन्हा एकदा विचारलं, मग आग्रह धरला नाही.

मुलगा चार दिवस पेटीत होता. बाळांचे डॉक्टर म्हणाले की कळा सुरू व्हायच्या आधी, थोडं लवकर काढलेल्या काही बाळांच्या फुप्फुसात पाणी राहतं. कळांमध्ये ते निघून जायला मदत होते. तो बरा झाला, आज मैदानावरून ओढून आणावा लागतो. पण त्या चार दिवसांत मी दर दोन तासांनी टाके धरून उठत होते, काचेतून त्याच्या बरगड्या बघत होते, आणि आठवडाभर का थांबले नाही याचा विचार करत होते.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी मला बसवून सांगितलं, "या वेळी आत बरंच चिकटलेलं होतं. मूत्राशय वर ओढून गर्भपिशवीला चिकटलंय. सोडवायला वेळ लागला. पुढच्या वेळी जास्त कठीण जाईल, म्हणून पुढची वेळ येऊ देऊ नका." मी मान हलवली. नंतर तांबी बसवून घेतली.

पाच वर्षं तांबीवर गेली. मग अंगावरून जास्त जायला लागलं म्हणून ती काढली. नवी बसवायची ती वार्षिक परीक्षा झाल्यावर बसवू म्हटलं. त्या दोन महिन्यांत दिवस राहिले. मी सदतिसाव्या वर्षात होते.

ठेवायचं की नाही, याचा निर्णय व्हायला आम्हाला दहा दिवस लागले. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं. सोसायचं तुलाच आहे." सासूबाई मात्र सरळ विरोधात होत्या. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्या पायरीवर येऊन बसल्या.

"बाय, माजी पाच झयली ती घरातच झयली," त्या म्हणाल्या. "पन तुजा पोट दोनदा उघडलेला हाय. दोन पोरां हायत, बेस हायत. तू र्‍हवलीस पायजेस."

"आई, माझ्या मावसबहिणीची तीन सिझर झाली. ठणठणीत आहे ती."

"डाक्तरीनीन काय सांगितलान?"

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं मी त्यांना अर्धंच सांगितलं. पुरतं सांगणं असं होतं: "तुमच्या बहिणीसारख्या ठणठणीत असतात, बहुतेकजणी असतातच. पण प्रत्येक सिझरबरोबर पुढच्या वेळचा धोका वाढत जातो. आतलं चिकटणं वाढतं, रक्त जास्त जातं, आणि बाळाला पोसणारी वार जुन्या टाक्यांवर बसली तर ती तिथे रुजू शकते. तुमच्या बाबतीत तसं होईलच असं मी म्हणत नाही. होणार नाही असंही म्हणत नाही. निर्णय तुमचा."

मी ठेवायचं ठरवलं. दोनदा निभावलं, तिसऱ्यांदाही निभावेल असं वाटलं. आणि सोनोग्राफीत ठोका ऐकला होता.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला डॉक्टर फार वेळ एकाच जागी बघत राहिले. बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि कागदाच्या मागच्या बाजूला पेनाने पिशवीचं चित्र काढलं. खालच्या बाजूला एक रेघ मारली.

"हे तुमचे जुने टाके. वार इथे खाली आली आहे, पिशवीच्या तोंडावर, आणि याच रेघेवर बसली आहे. बाळ झालं की वार आपोआप सुटून येते, हे तुम्हाला माहीत आहे. ही सुटेल असं मला दिसत नाही. ती पिशवीच्या भिंतीत रुजलीय."

नवऱ्याने विचारलं, "मग काय करतात?"

"ओढून काढायला गेलं तर रक्त थांबत नाही. बाई हातची जाऊ शकते. म्हणून बाळ काढल्यावर वारेला हात न लावता पिशवीच काढतात, वारेसकट. हे ठरवून, पुरत्या तयारीने करावं लागतं. कोल्हापूरला करू. तिथे रक्तपेढी आहे, मूत्राशयाचे सर्जन आहेत, लवकर झालेल्या बाळाची सोय आहे. मी इथे केलं तर तो माझा मोठेपणा होईल, तुमचं भलं होणार नाही."

गाडीत बसल्यावर नवरा चावी लावायची विसरला. मग म्हणाला, "आधी कळलं हे बरं झालं." मी त्याच्या त्या वाक्याला धरून राहिले. आधी कळलं होतं. एमआरआय करून पक्कंही झालं. डॉक्टरबाईंनी हे सगळं लाल अक्षरात कागदावर लिहून दिलं आणि म्हणाल्या, "हा कागद सतत जवळ ठेवा. थेंबभर जरी रक्त दिसलं तरी घरी थांबायचं नाही. दुखत नाही म्हणून तर अजिबात थांबायचं नाही."

एकतिसाव्या आठवड्यात शाळेतच दिसलं. तिसरीच्या वर्गाला शुद्धलेखन घालत होते. काही दुखलं नाही, फक्त ओलसर वाटलं. मी वाक्य पुरं केलं, मुलांना ते दहा वेळा लिहायला सांगितलं आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला. स्वतःची गाडी काढली, मला मागे आडवं केलं. रत्नागिरीत पोचेपर्यंत रक्त थांबलंही होतं. डॉक्टरबाईंनी बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं आणि दुपारीच रुग्णवाहिकेतून कोल्हापूरला पाठवलं. नवरा जयगडहून निघून पालीला येऊन थांबला होता, तिथून तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. आई तेव्हा आमच्याकडेच होती, ती माझ्या उशाशी. आंबा घाटात प्रत्येक वळणावर ती माझ्या पोटावर हात ठेवायची, जणू तेवढ्याने बाळ जागचं हलणार नव्हतं.

मला तिथेच ठेवून घेतलं. साडेतीन आठवडे मी त्या खाटेवर होते. तिथल्या एक सिस्टर माझं बोलणं ऐकून हसायच्या. "तुमी कोकणातल्या न्हवं? येतंय लगेच ध्यानात. जेवण जातंय का आमचं? तिखट हाय जरा." तिखट होतंच. आई खोली घेऊन जवळ राहिली होती, ती भात आणि आमसुलाचं सार करून आणायची.

ऑपरेशनच्या आधी रक्त जमवायचं होतं. कुणाकडून आणायचं या काळजीत आम्ही होतो, तर नवऱ्याच्या बंदरावरचे आठजण सुट्टीच्या दिवशी जीप करून आले. आमच्या गावातून माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील एसटीने आले, चार तास प्रवास करून. त्यांचं हिमोग्लोबिन कमी निघालं, रक्त घेतलं नाही. ते माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले, हातात चहाचा कप तसाच. "बाई, माझा उपयोग झाला नाही," म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "तुमची स्वतःची तपासणी तरी झाली की. आता गोळ्या घ्या." ते गेल्यावर मला रडू आलं. आजारपणात पहिल्यांदाच.

पस्तिसाव्या आठवड्यात, सकाळी, मला आत नेलं. बाळ येईपर्यंत कमरेखालची भूल. खोलीत माणसं मोजली तर बारा होती. तिथल्या मुख्य डॉक्टरांनी सांगितलं की या वेळी छेद उभा आणि वरून घेणार, म्हणजे वारेला धक्का न लावता बाळ काढता येईल. मला फक्त ओढल्यासारखं जाणवत होतं. मग बारीक रडणं ऐकू आलं. कुणीतरी हिरव्या कापडात गुंडाळलेली मुलगी माझ्या तोंडाजवळ आणली, मला तिचा एक पाय तेवढा दिसला, आणि तिला घेऊन गेले.

"आता तुम्हाला पूर्ण झोपवतो," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, "वार सुटत नाही ना?"

"नाही. आम्ही सोडवायलाही जात नाही. तुम्ही झोपा."

जागी झाले ती दुसऱ्या दिवशी दुपारी, अतिदक्षता विभागात. घसा खरवडल्यासारखा झाला होता. नवऱ्याने एक एक करून सांगितलं. पिशवी काढली. वार मूत्राशयापर्यंत गेली होती, तिथे थोडं कापलं गेलं ते शिवलंय, म्हणून लघवीची नळी दोन आठवडे राहील. रक्ताच्या सात पिशव्या चढवल्या. मुलगी दोन किलोला थोडी कमी, श्वासाला मदत लागतेय, पण रंग चांगला आहे. हे सगळं तो पाठ केल्यासारखं बोलत होता आणि बोलताना माझ्या पायाच्या अंगठ्याला धरून होता.

मुलीला मी पाचव्या दिवशी पाहिलं. चाकाच्या खुर्चीवर, मांडीवर नळीची पिशवी घेऊन. ती तळहाताएवढ्या टोपीत होती. सिस्टरनी पेटीचं दार उघडून माझं बोट आत घालायला सांगितलं. तिने ते धरलं नाही, झोपेतच राहिली. मी दूध काढून वाटीत देत होते, तेच तिला नळीने पाजत. सोळाव्या दिवशी ती अंगावर प्यायली.

पिशवी गेल्याचं दुःख होईल असं मला वाटलं नव्हतं. मला आणखी मूल नकोच होतं. तरीही पहिल्या महिन्यात मधूनच पोटात पोकळी जाणवायची. शरीराची की मनाची, ते सांगता येत नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तिघांना घर दिलंन तिनं. आता जाऊ दे." सासूबाई त्या वेळी पहिल्यांदाच घाट चढून कोल्हापूरला आल्या होत्या. घरच्या कुळथाचं पीठ, सुकट आणि एक जुनं मऊ लुगडं दुपट्यांसाठी फाडून घेऊन आल्या. नातीकडे बघायच्या आधी त्या माझ्या खाटेवर बसल्या, माझ्या दंडावरून हात फिरवला.

"र्‍हवलीस," एवढंच म्हणाल्या. मग कुळथाची पिठी करायला आईबरोबर खोलीवर गेल्या.

मला पूर्वीसारखं व्हायला वर्ष लागलं. पहिले काही महिने जिना चढले की दम लागायचा. लघवीला जळजळ व्हायची, दोनदा औषधं घ्यावी लागली. नवऱ्याने बदली मागून दिवसपाळी घेतली आणि भाजी चिरण्यापासून सगळं शिकून घेतलं. मोठी दोघं धाकटीला सांभाळायची, भांडत भांडत.

गेल्या वर्षी शाळेवर आलेल्या एका तरुण शिक्षिकेने मधल्या सुट्टीत मला विचारलं, "बाई, तुमच्या ओळखीचे कुणी पंचांग बघणारे आहेत का? माझं दुसरं सिझर आहे. दिवस चांगला हवा." माहेर दापोलीचं तिचं, नवरा मुंबईला नोकरीला. पहिलं सिझर का झालं ते तिला धड सांगता येत नव्हतं. मी तिला माझं सगळं सांगितलं नाही. घाबरवून उपयोग नव्हता. इतकंच म्हटलं, "दिवस ठरवायच्या आधी एकदा माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे चल. आणखी मुलं हवीत का, तेही आधी नवऱ्याशी बोलून ये."

आम्ही दोघी गेलो. डॉक्टरबाईंनी तिचे कागद बघितले आणि म्हणाल्या, "गेल्या वेळी बाळ पायाळू होतं, म्हणून सिझर. या वेळी डोकं खाली आहे. तुमची तयारी असेल तर आपण कळांची वाट बघू." जवळजवळ हेच शब्द त्यांनी मला सांगितले होते. तेव्हा मी त्याच खुर्चीत बसले होते आणि मला ते ऐकूच आले नव्हते. ती मात्र ऐकत होती. वहीत लिहून आणलेले प्रश्न तिने एकामागून एक विचारले. टाके उसवण्याची भीती किती, तेही विचारलं. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. "थोडी असते, म्हणूनच ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी आणि नजरेखाली. आणि पुढे तुम्हाला तिसरं हवं असेल, तर आज टळलेलं सिझर पुढे फार उपयोगी पडतं. तिसरं नको असेल तर तेही आत्ताच ठरवा, टेबलावर ठरवू नका."

तिचं शेवटी सिझरच झालं. दिवस भरले, कळा आल्या, सात तास ठीक चाललं आणि मग बाळ पुढे सरकेना. फोन करून ती मला म्हणाली, "बाई, वाट बघून काही फायदा झाला नाही."

मी विचारलं, "बाळ कसं आहे?"

"रडतंय जोरात. ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं. पेटीत ठेवायची गरज पडली नव्हती, आणि मुलं बंद करायचं ऑपरेशन दोघांनी आधीच ठरवल्याप्रमाणे त्याच वेळी उरकलं होतं. मी तिला म्हटलं, आठवडाभराने भेटायला येते, काय खावंसं वाटतं ते सांग. ती म्हणाली, कुळथाची पिठी आणि भात, पण पिठीत लसूण जास्त घाला.